मुलीच्या वेगाचा जमाखर्च



मागचे दोन लेख चातुर्मासातल्या स्वयंपाकावर होते. त्यामुळे आजचा विषय बघून काहीजणींना वाटेल, अक्कांना आज झालंय तरी काय! कारण आजचा विषय आहे मोटारींची शर्यत, आणि त्या शर्यतीत गाडी चालवणारी एक मुलगी.

माझा नातू रविवारी टीव्हीवर या शर्यती बघतो. मी शेजारी बसून भाजी निवडते, तेवढंच माझं शिक्षण. पण बी.कॉम. झालेल्या बाईला कुठलीही गोष्ट दाखवा, तिच्या मनात पहिला प्रश्न येतो, ‘याचे पैसे कोण भरतं?’ त्या प्रश्नाच्या मागे लागत लागत मी बरंच वाचलं, आणि मग लक्षात आलं की ही गोष्ट गाड्यांची कमी आणि आपल्या घरांची जास्त आहे. म्हणून लिहिते आहे.

शर्यतीत गाडी चालवणाऱ्या मुलीचा फोटो पेपरात आला की आपण म्हणतो, ‘केवढी धाडसी बाई!’ आणि पान उलटतो. मला या ‘धाडसी’ शब्दाचीच अडचण वाटते. एखादीला धाडसी म्हटलं की तिचं सगळं श्रेय तिच्या स्वभावाला देऊन आपण मोकळ्या होतो. तिच्या सरावाला किती वर्षं लागली, त्या वर्षांचा खर्च कुणी उचलला, ती हरली तेव्हा तिला पुन्हा गाडीत कुणी बसवलं, हे कुणी विचारत नाही. आणि ते विचारलं नाही की आपल्या घरातल्या मुलीसाठी काय करायला हवं, तेही कळत नाही.

ती मुलगी कोण

तिचं नाव जेमी चॅडविक. जन्म २० मे १९९८ चा, इंग्लंडमधल्या बाथ इथला. भाऊ कार्ट चालवायचा, त्याच्यामागून हीसुद्धा त्यात आली. कार्ट म्हणजे जमिनीला टेकेल इतकी बुटकी, वर छप्पर नसलेली लहान गाडी. आपल्याकडे कोल्हापूरला मोहित्यांच्या ट्रॅकवर ज्या चालतात त्याच. जगातले बहुतेक मोठे रेसर याच गाडीतून वर आले आहेत.

जेमी शाळेत हॉकीही चांगली खेळायची. चौदा वर्षांची असताना इंग्लंडच्या वयोगटातल्या हॉकी संघाची निवड चाचणी आणि मोटार शर्यतीच्या शिष्यवृत्तीची चाचणी एकाच वेळी आल्या. तिनं हॉकी सोडली. ती शिष्यवृत्ती तिला मिळाली आणि २०१३ मध्ये शाळकरी वयाच्या मुलामुलींच्या गिनेटा ज्युनियर स्पर्धेत तिला गाडी मिळाली.

२०१५ मध्ये, सतराव्या वर्षी, तिनं रॉस गन या जोडीदाराबरोबर ब्रिटिश जीटी स्पर्धेतल्या जीटी फोर गटाचं विजेतेपद मिळवलं. त्या स्पर्धेत विजेतेपद मिळवणारी ती पहिली स्त्री आणि तोवरची वयानं सर्वांत लहान विजेती. २०१८ मध्ये ब्रिटिश फॉर्म्युला थ्रीची एक शर्यत तिनं ब्रँड्स हॅच इथं जिंकली. तिथंही ती पहिलीच स्त्री.

त्यानंतरची गोष्ट आपल्या देशातली आहे. चेन्नईजवळ श्रीपेरुंबुदूरच्या बाजूला शर्यतीचा ट्रॅक आहे. एमआरएफ ही टायरची कंपनी आपल्याला माहीत आहेच. तिच्या एमआरएफ चॅलेंज स्पर्धेचा शेवटचा टप्पा फेब्रुवारी २०१९ मध्ये तिथं झाला आणि जेमीनं मुलांना मागे टाकून ती स्पर्धा जिंकली. ही स्पर्धा जिंकणारी ती पहिली स्त्री ठरली. या स्पर्धेत सगळ्यांच्या गाड्या एकसारख्या असतात आणि त्यांची देखभालही आयोजकच करतात. म्हणजे कुणाच्या वडिलांनी महागडं इंजिन घेऊन दिलं, कुणाकडे जास्त मेकॅनिक, असला फरक उरत नाही. फरक उरतो तो चालवणाऱ्याचा. माप सारखं झालं तेव्हा ती पहिली आली, हे लक्षात ठेवा. पुढं लागणार आहे.

ही शिडी कशी असते

आता थोडं या खेळाच्या रचनेबद्दल. आधी कार्ट. मग फॉर्म्युला फोर, फॉर्म्युला थ्री, फॉर्म्युला टू आणि सगळ्यात वर फॉर्म्युला वन, म्हणजे टीव्हीवर दिसते ती शर्यत. फॉर्म्युला वनमध्ये बसायला ‘सुपर लायसन्स’ लागतं. त्यासाठी तीन वर्षांच्या आत खालच्या स्पर्धांमधून चाळीस गुण जमवायचे. कुठल्या स्पर्धेला किती गुण, ते ठरलेलं असतं.

पण या शिडीची प्रत्येक पायरी विकत घ्यावी लागते. क्रिकेटमध्ये संघात निवड झाली की मंडळ खर्च करतं. इथं उलटं. खालच्या पायऱ्यांवर बहुतेक वेळा चालवणाऱ्यानंच संघाला पैसे द्यायचे, मग संघ त्याला गाडी देतो. टायर, इंधन, इंजिनची दुरुस्ती, मेकॅनिकांचे पगार, देशोदेशीचा प्रवास आणि अपघात झाला तर मोडलेल्या भागांचं बिल, सगळं त्यात. फॉर्म्युला थ्रीच्या एका मोसमाचा खर्च दहा लाख युरोच्या घरात जातो असं त्या क्षेत्रातली माणसं सांगतात. आपल्या भाषेत सांगायचं तर कोटींत.

खर्चाशिवाय शरीराचाही प्रश्न आहे. वेगानं वळण घेताना डोकं बाहेरच्या बाजूला ओढलं जातं. डोकं आणि हेल्मेट मिळून सहा-सात किलो धरा. वळणावर मानेला त्याच्या तीन-चार पट भार जाणवतो, तोही प्रत्येक वळणावर. शिवाय जेमी वर येत होती त्या काळात फॉर्म्युला थ्री आणि टूच्या गाड्यांना पॉवर स्टीअरिंग नव्हतं. सगळी ताकद हातांची आणि खांद्यांची. बाईच्या शरीराला हे जमतच नाही असं नाही, पण त्यासाठी वेगळा व्यायाम, वेगळा आहार आणि मुख्य म्हणजे गाडीत घालवलेले तास लागतात. ते तास फुकट मिळत नाहीत. म्हणून म्हणते, या खेळात सराव हाच सगळ्यात मोठा खर्च आहे.

हे कळलं की इतिहासातला एक आकडाही नीट कळतो. फॉर्म्युला वनच्या जागतिक स्पर्धेत गुण मिळवणारी स्त्री आजवर एकच आहे, इटलीची लेला लोम्बार्डी. १९७५ मध्ये बार्सिलोनाच्या माँटज्युईक ट्रॅकवर ती सहावी आली. शर्यत अपघातामुळं अर्ध्यात थांबवली होती म्हणून गुणही अर्धेच दिले, आणि तिच्या वाट्याला अर्धा गुण आला. १९९२ मध्ये जोवाना अमाती हिनं तीन वेळा प्रयत्न केला, पण ती मुख्य शर्यतीसाठी पात्र ठरली नाही. तेव्हापासून कुणा स्त्रीचं नाव मुख्य शर्यतीच्या पात्रता फेरीतही लागलेलं नाही. अर्धा गुण! सगळ्या स्त्रियांची मिळून जमा बाजू एवढीच. काहीजण हा आकडा दाखवून म्हणतात, ‘बघा, बायकांना जमत नाही.’ मी म्हणते, नावे बाजूही दाखवा ना. किती मुलींना किती वर्षं गाडीत बसवलं होतं?

तीन मुकुट आणि बंद दार

२०१९ मध्ये फक्त स्त्रियांसाठी डब्ल्यू सीरिज नावाची स्पर्धा सुरू झाली. तिची एक गोष्ट मला फार आवडली. त्यात उतरायला पैसे भरावे लागत नव्हते. चाचणी घेऊन निवड व्हायची आणि गाड्या सगळ्यांना सारख्या. पहिल्या वर्षीच्या विजेतीला पाच लाख डॉलरचं बक्षीस होतं. जेमीनं ते जिंकलं. त्याच वर्षी विल्यम्स या फॉर्म्युला वन संघानं तिला आपल्या तयारीच्या चमूत घेतलं. २०२० मध्ये करोनामुळं डब्ल्यू सीरिज झालीच नाही. २०२१ मध्ये झाली, जेमी पुन्हा पहिली. २०२२ मध्ये पुन्हा पहिली. तीन मोसम झाले आणि तिन्ही मुकुट एकाच डोक्यावर.

आता हिशोब बघा. त्या स्पर्धेच्या विजेतीला सुपर लायसन्ससाठी पंधरा गुण मिळायचे. हवेत चाळीस. बक्षिसाच्या रकमेत फॉर्म्युला थ्रीचा एक मोसमही बसत नाही. मग ती पुढं जाणार कशी? ती तिथंच पुन्हा पुन्हा जिंकत राहिली, कारण वरच्या पायरीवरची जागा मिळाली नाही. तुम्ही म्हणाल, मुलगी तीनदा पहिली आली, आणखी काय पाहिजे? एकाच इयत्तेत तीनदा पहिला आलेल्या मुलाचं कौतुक करावं की त्याला पुढच्या वर्गात का घातलं नाही हे विचारावं?

आणि २०२२ चा मोसम कसा संपला तेही ऐका. एका गुंतवणूकदाराकडून ठरलेले पैसे आले नाहीत. शेवटच्या तीन शर्यती रद्द झाल्या. तोवरच्या गुणांवर जेमीला विजेती जाहीर केलं आणि पुढच्या वर्षी ती स्पर्धाच बंद पडली.

या स्पर्धेला पहिल्यापासून विरोध करणाऱ्याही होत्या. पिपा मान ही स्वतः शर्यतीत चालवणारी बाई. स्त्रियांना वेगळं काढणं म्हणजे मागे नेणं, अशी तिची जाहीर भूमिका होती. त्यात तथ्य आहे. पण मला यात आपले महिला बचत गट दिसतात. गट वेगळा काढला म्हणून बाई कमी होत नाही. बँकेच्या दारातही उभं केलं जात नव्हतं, तिथं निदान पासबुक तरी हातात आलं. खोट तिथं आहे जिथं दहा वर्षं झाली तरी बाई लोणच्या-पापडाच्याच कर्जावर राहते, आणि मोठ्या कर्जाची वेळ आली की विचारतात, ‘घरच्या पुरुषाची सही?’ वेगळा वर्ग चालेल, पण त्याला वरच्या वर्गात उघडणारं दार पाहिजे.

हे पुढं लोकांच्या लक्षात आलं असावं. २०२३ पासून एफ वन अकादमी ही मुलींची नवी स्पर्धा सुरू आहे, सूझी वोल्फ तिच्या प्रमुख आहेत. तिथं एका मुलीला दोनपेक्षा जास्त मोसम चालवता येत नाही. बसून राहायचं नाही, पुढं जायचं. २०२४ ची विजेती अ‍ॅबी पुलिंग हिला पुढच्या वर्षी जीबी थ्री या मुलामुलींच्या एकत्र स्पर्धेत पूर्ण खर्चासह जागा दिली. मला हे बक्षीस ट्रॉफीपेक्षा मोठं वाटतं.

भांडवली खर्च आणि महसुली खर्च

कॉलेजात शिकलेली एक गोष्ट मला चाळीस वर्षांनंतरही विसरता येत नाही. खर्च दोन प्रकारचे. एक महसुली, म्हणजे केला आणि संपला. वीजबिल, दुकानाचं भाडं. दुसरा भांडवली, म्हणजे आज केला आणि पुढची वर्षं उपयोगी पडला. यंत्र, इमारत. महसुली खर्च त्याच वर्षाच्या नफ्यातून वजा होतो, त्यामुळं मालक तो कमी करायला बघतो. भांडवली खर्च ताळेबंदात मालमत्ता म्हणून दिसतो, त्यामुळं त्याची कुणाला टोचणी लागत नाही. पहिल्या वर्षी यंत्रानं नफा दिला नाही तर कुणी यंत्र विकत नाही. म्हणतात, बसेल घडी.

आता आपल्या घरांच्या वह्या उघडा. मुलाला दुकान काढून दिलं, ते भांडवल. मुलगा सीएच्या परीक्षेत दोनदा नापास झाला, तिसऱ्यांदा पुण्याला क्लास लावला, तेही भांडवल. ‘वेळ लागतो, अवघड परीक्षा आहे.’ आणि मुलगी? आमच्या नात्यातली एक मुलगी पोहण्यात तालुक्यात पहिली आली होती. जिल्ह्याला चौथी आली आणि दहावीचं वर्ष म्हणून पोहणं बंद झालं ते झालंच. तिच्यावर घरात माया नव्हती असं नाही. तिच्या लग्नात कशाची कमी पडली नाही. पण तिचं पोहणं ‘हौस’ या खात्यात लिहिलेलं होतं, आणि हौसेचा खर्च कमी करायला कुणाला कारण लागत नाही. तिला जिल्ह्यात चौथी येण्याचं दुसरं वर्ष मिळालं नाही, इतकंच.

दुसरं वर्ष! जेमीच्या गोष्टीतला मला सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा भाग हाच.

ती सतत जिंकतच होती असं समजू नका. २०२० मध्ये ती युरोपातल्या फॉर्म्युला रिजनल स्पर्धेत प्रेमा या नावाजलेल्या संघाकडून उतरली. त्याच संघातली मुलं पहिल्या तीनात आली, ही नववी. २०२३ मध्ये ती अमेरिकेत गेली, इंडी नेक्स्ट या स्पर्धेत आंद्रेत्ती संघाकडून. नवे ट्रॅक, नवी गाडी, सगळे प्रतिस्पर्धी पुरुष. पहिल्या वर्षी बारावी. आपल्या घरात असतं तर तिथंच सांगितलं असतं, ‘झाली ना हौस? ये आता परत.’ पण तिला दुसरं वर्ष मिळालं. जून २०२४ मध्ये रोड अमेरिका या ट्रॅकवर ती सगळ्यात पुढून निघाली आणि पहिली आली. त्या स्पर्धेत अशा वळणावळणाच्या ट्रॅकवर जिंकणारी ती पहिली स्त्री. त्या वर्षी एकूण क्रमांक सातवा. बाराव्यावरून सातवा आणि एक विजय, यालाच मी भांडवलाची घडी बसणं म्हणते. पुढं २०२५ मध्ये ती युरोपात लांब पल्ल्याच्या शर्यतींकडे वळली, आणि बार्सिलोनाची चार तासांची शर्यत तिच्या संघानं जिंकली. त्याच वर्षी ल मान्सच्या प्रसिद्ध चोवीस तासांच्या शर्यतीतही ती उतरली.

फॉर्म्युला वनपर्यंत ती पोचली नाही. बहुतेक पोचणारही नाही. म्हणून तिच्यावरचा खर्च वाया गेला का? ती त्या कामाची पगारी जाणकार आहे. चांगल्या संघांना ती आपल्या गाडीत हवी असते. दुकान मॉल झालं नाही म्हणून कुणी दुकान बुडालं म्हणत नाही.

इतक्या लांबचं उदाहरण कशाला, असं कुणी म्हणेल तर पुण्याचं देते. पुण्याची डायना पुंडोले, दोन मुलांची आई. जेके टायरनं स्त्रियांसाठी काढलेल्या प्रशिक्षणातून ती २०१८ मध्ये या खेळात आली. २०२४ मध्ये चेन्नईच्या ट्रॅकवर तिनं सलून गाड्यांच्या गटात राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं, पुरुषांबरोबर चालवून. असं राष्ट्रीय विजेतेपद मिळवणारी ती पहिली भारतीय स्त्री. २०१८ ते २०२४. मधली सहा वर्षं मोजा. बातमीत एक दिवस दिसतो, सहा वर्षं दिसत नाहीत. घरात दोन लहान मुलं असताना आई सरावाला चेन्नईला जाते, तेव्हा घर कुणीतरी सांभाळत असतं. तीही गुंतवणूकच.

आपल्या मनातले दोन प्रश्न

पहिला प्रश्न तुमच्या मनात आलाच असेल. हे आपल्या धर्मात बसतं का? विनाकारण इंधन जाळायचं, वेगाखाली जीव जायचे, आणि कशासाठी, तर मौजेसाठी. अनर्थदंडव्रत घेतलेल्या श्राविकेला हा प्रश्न पडायलाच हवा. मी त्याला बगल देणार नाही. मोटार शर्यत ही धर्माची गोष्ट आहे असं मला म्हणायचंच नाही. प्रयोजनाशिवाय घडणारी हिंसा तिच्यात आहे, आणि ज्या बाईनं या व्रताचा बारकाईनं विचार करून आपल्या मुलीला यातून दूर ठेवलं, तिला मी नमस्कार करते.

पण माप एकच असू दे. नवरदेवाच्या मागे पन्नास गाड्या हॉर्न वाजवत जातात तेव्हा अनर्थदंड आठवत नाही. मुलगा रात्री मित्रांबरोबर नुसता फेरफटका म्हणून कोल्हापूर रस्त्यावर गाडी पळवतो तेव्हा प्रमादचर्या आठवत नाही. मुलीनं स्टीअरिंगला हात लावला की मात्र पाचही प्रकार तोंडपाठ! व्रत हे मुलीला अडवायचं हत्यार नाही. ते घरातल्या सगळ्यांना सारखं लागू आहे, नाहीतर ते व्रत राहत नाही, नुसती रीत होते.

दुसरा प्रश्न धोक्याचा. धोका खराच आहे. २०१९ मध्ये बेल्जियमच्या स्पा ट्रॅकवर फॉर्म्युला टूच्या शर्यतीत आंत्वान ह्यूबर हा तरुण मुलगा गेला. त्याच ट्रॅकवर २०२१ मध्ये डब्ल्यू सीरिजच्या पात्रता फेरीत सहा गाड्या एकमेकींवर आदळल्या आणि दोघींना दवाखान्यात न्यावं लागलं. त्या सुदैवानं बचावल्या. आईच्या पोटात गोळा येणारच. पण तिथं पट्टे आहेत, मानेला आधार आहे, आगीत टिकणारा पोशाख आहे, ट्रॅकच्या कडेला डॉक्टर उभा आहे. आपली पोरं हेल्मेट हँडलला अडकवून मोटरसायकल चालवतात, त्यांची काळजी आपण ‘सावकाश जा रे’ एवढ्या तीन शब्दांत करतो. मुलीच्या बाबतीत मात्र काळजी म्हणजे मनाई. काळजी म्हणजे शिकवणं, चांगलं साधन देणं, चांगला गुरू बघणं. मनाई करायला पैसे पडत नाहीत, म्हणून ती सोपी.

मग आपण काय करायचं

सगळ्यांनी मुलींना रेसिंगला घाला असं मी सांगत नाही. ते बहुतेकांच्या आवाक्यातलं नाही, आणि वर लिहिलेला व्रताचा प्रश्न आहेच. पण प्रत्येक घरात एखादी मुलगी असते जिला कशाततरी गती असते. गणित असेल, बुद्धिबळ असेल, पोहणं असेल, नाहीतर वडिलांच्या दुकानाचा धंदाच असेल. तिच्यासाठी तीन गोष्टी करता येतात.

एक, तिच्या सरावाचा खर्च हौसेच्या खात्यातून काढून भांडवलाच्या खात्यात लिहा. खरोखर वहीत लिहा. लिहिलं की तो कमी करताना हात अडखळतो. लग्नासाठी म्हणून तिच्या नावानं जे बाजूला टाकतो, त्यातला काही भाग आजच तिच्या शिकण्यावर घाला. तो तिच्याबरोबर सासरीही जातो आणि त्याला कुणी कपाटात कुलूप लावून ठेवू शकत नाही.

दोन, तिला दुसरं वर्ष द्या. पहिल्या अपयशावर निकाल लावू नका. भावाला जितक्या संधी, तितक्या तिला. एक कमी नाही.

तीन, आणि ही आपल्यासाठी, माझ्या वयाच्या बायकांसाठी. आपल्या ओळखीत किती जणींकडे गाडीचं लायसन्स आहे आणि गाडी चालवणाऱ्या किती? लायसन्स पर्समध्ये, किल्ली नवऱ्याच्या खिशात. सरावाशिवाय हात बसत नाही आणि ‘तुला कुठं जमतंय’ म्हणून सराव मिळत नाही. या चक्रातून जेमीला बाहेर काढायला शिष्यवृत्ती लागली, संघ लागले, लाखो डॉलर लागले. आपल्याला फक्त किल्ली मागून घ्यायची आहे. रविवारी सकाळी रस्ता मोकळा असतो. सुनेला, लेकीला शेजारी बसवा आणि बाजारापर्यंत जाऊन या. गाडीला एखादा ओरखडा आला तर तोही सरावाच्या खर्चात धरायचा. मुलानं पाडला होता तेव्हा धरलाच होता की.

या दिवाळीला वहीपूजन कराल तेव्हा नवी वही लिहायच्या आधी जुनी एकदा चाळा, आणि मुलीच्या नावासमोर काय काय लिहिलंय, कुठल्या खात्यात लिहिलंय, ते बघा. पुढचा लेख बिनतेलाच्या फराळावर, नक्की.

जय जिनेंद्र.